साखर उतरली की

गाव महापालिकेत गेलं त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात धायरीतली विहीर चैत्रात तळाला लागली. टँकर एक दिवसाआड येई, तोही त्याच्या मनात येईल तेव्हा. माणसाचं दोन घागरींवर भागतं. पण दावणीला तीन म्हशी असल्या की पिंपं भरून ठेवावीच लागतात. त्या सोमवारी भैरूनं उजाडायच्या आत धारा काढल्या, सवयीनं पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि पिंपं घेऊन तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं थापलेली भाकरी टोपल्यात तशीच राहिली.

"खाऊन जावा की," ती म्हणाली होती.

"टँकर थांबतोय व्हय माझ्या भाकरीसाठी?"

टँकर नऊला आला. भांडून, ढकलाढकली करून चार पिंपं भरली. दुधाला उशीर झाला म्हणून भैरू घरात आलाच नाही. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवल्या आणि तसाच सोसायट्यांच्या दिशेनं गेला. अठरा वर्षं त्याला साखरेचा आजार होता, त्यातली शेवटची सहा वर्षं सुईवर. पूर्वी साखर उतरायला लागली की हात थरथरायचे, पोटात खड्डा पडायचा, आणि तो मुकाट गुळाचा खडा तोंडात टाकायचा. अलीकडं थरथर येईनाशी झाली होती. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला शकील धावत आला. नाक्यावर त्याचं पंक्चरचं दुकान, आणि बिऱ्हाड भैरूच्या गोठ्याला लागून.

"वैनी, चला लवकर. भैरूभाऊ सोसायटीच्या गेटात पडलेत. लोक म्हणतायत, प्यालाय."

बायडाबाई शेणाच्या हातानं तशीच निघाली. गेटापाशी दुधाचा ओहोळ गेला होता आणि दोन कुत्री तो चाटत होती. भैरू भिंतीला टेकून बसला होता. सदरा निथळत होता. निम्मा घामानं, निम्मा पाण्यानं. वॉचमननं बागेची नळी आणून त्याच्या तोंडावर धरली होती. एका गालावर बोटं उठली होती. भैरूनं वॉचमनला आईवरून शिवी दिली, म्हणून वॉचमननं वाजवली होती. दहा-पंधरा माणसं कडेनं उभी. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरराव हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन उभे.

"आपले मिस्टर का? सकाळी दहाला? कमाल आहे."

"प्याले न्हाईत ओ साहेब. साखर उतरलीय त्यांची."

"हो ना. आमच्या गेटवर पडणाऱ्या प्रत्येकाची साखरच उतरलेली असते."

तळमजल्यावरच्या एका बाईनं वाटीत साखर आणून दिली. बायडाबाईनं चिमूट त्याच्या ओठांशी नेली, तर त्यानं थू करून ती तिच्याच तोंडावर उडवली.

"इख देती का मला? रांडे, तुज्या बापानं धाडलंय व्हय इख?"

बायडाबाईनं लग्नाच्या तीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तोही एवढ्या माणसांत. ती पुन्हा चिमूट घेऊन पुढं झाली, तोवर त्याची मान कलली आणि दातखीळ बसली. शकीलनं रिक्षा आणली. दोघांनी त्याला उचलून आत घातला. दिगंबररावांनी किटल्या तेवढ्या कडेला लावून ठेवायला सांगितल्या, जाण्यायेण्याची वाट अडते म्हणून.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाच-सात मिनिटांत भैरूनं डोळे उघडले. झोपेतून उठावं तसे.

"दूध घातलं का?" त्यानं विचारलं.

बायडाबाईनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"काय झालं गं? मी काय बोललो का?"

"न्हाय," ती म्हणाली. "काय बी न्हाय."

*

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका संस्थेचं नाव लिहून दिलं. नारायण पेठेत तिचं कार्यालय होतं आणि तिथली माणसं आजाऱ्याच्या घरी येऊन घरच्यांना शिकवत. पुढच्या मंगळवारी सुनीतीताई आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी चप्पल उंबऱ्याशी काढली, पाणी मागून घेतलं आणि विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

पेशंट गोठ्यात शेण ओढत होता. बायडाबाई बोलवायला गेली, तर म्हणाला, "बायकांनी बायकांत काय ते बोला. मला शिकवाय ती काय मास्तरीन हाय?"

बायडाबाई खाली मान घालून परत आली. सुनीतीताईंनी पिशवी उघडली.

"नाही आले तरी चालेल. साखर त्यांची असते, पण शुद्ध जाते तेव्हा हात तुमचे लागतात. शेजारी कोण कोण आहेत? त्यांनाही बोलवा."

ओट्यावर चौघं जमली. शकील, त्याची बायको अख्तरबानू, बायडाबाई आणि पलीकडच्या घरातली भैरूची चुलती मथुराबाई. सुनीतीताईंनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला कसा लावायचा ते दाखवलं. सत्तरच्या खाली आकडा आला की माणूस बोलत असला तरी त्याचं ऐकायचं नाही, साखरेचं पाणी पाजायचं. नाही म्हणाला, चिडला, तर पातळ केलेला मध बोटानं गालाच्या आत लावायचा. शुद्ध गेली असेल तर तोंडात थेंब घालायचा नाही; कुशीवर वळवायचं आणि इंजेक्शन द्यायचं.

"कांदा हुंगवला तर?" मथुराबाईंनी विचारलं.

"कांदा भाजीत घाला आजी. तिथे त्याचा उपयोग होतो."

अख्तरबानू हसली, मग बायडाबाईही हसली. गेटावरल्या दिवसापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

ते इंजेक्शन नारिंगी डबीत होतं. एका बाटलीत पूड, सुईत पाणी. पाणी पुडीत सोडायचं, हलवायचं, परत ओढायचं आणि मांडीत खुपसायचं. सुनीतीताईंनी चौघांकडून रिकाम्या सुईनं ते तीन-तीनदा करून घेतलं. शकीलचे पंक्चर काढणारे हात थरथरले. अख्तरबानूचे थरथरले नाहीत.

"एकच आहे माझ्याकडे," जाताना सुनीतीताई म्हणाल्या. "सहजासहजी मिळत नाही हे. फ्रिजमध्ये ठेवा. आणि त्यांना गाडी चालवू देऊ नका. तुम्ही म्हणताय तशी थरथर येत नसेल, तर त्यांना आता आतून इशारा मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी लक्ष ठेवायचं, एवढाच उपाय."

"सारखंच?"

"सारखंच," सुनीतीताई म्हणाल्या, आणि दुसरीकडं पाहू लागल्या.

*

बायडाबाईनं मोटरसायकलची किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली. भैरूनं घर उलथंपालथं केलं, मग काही न बोलता गोठ्यात जाऊन बसला. दूध आता ती घालू लागली. एक किटली डोक्यावर, एक हातात, उन्हातून चालत. लांबच्या सोसायट्या सुटल्या. जवळच्या त्या सोसायटीत ती दिगंबररावांच्या दारी गेली, तर त्यांनी जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, "दूध उत्तम आहे हो तुमचं, प्रश्नच नाही. पण आमच्याकडे लहान मुलं असतात. आपण समजून घ्या."

ती समजून घेऊन जिना उतरली.

घरी असली की ती त्याच्या मागं मागं असे. तो वैरण आणायला निघाला की ती विळा घेऊन मागं. तो नाक्यावर चहाला बसला की ती शकीलच्या दुकानात उगीच उभी. माणसं हसायची. "भैरूअण्णा, वासरू सुटलंय तुमचं," असं कुणी म्हणालं की त्याचे कान लाल व्हायचे. दर दोन तासांनी ती यंत्र घेऊन समोर यायची आणि तो बोट पुढं करायचा, दुसरीकडं बघत, पोलिसापुढं अंगठा उठवणाऱ्या माणसासारखा.

तरी साखर उतरायचीच. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. एरवी हा माणूस दहा शब्दांत दिवस काढणारा. साखर उतरली की त्याच्या तोंडात वेगळंच कुणी येऊन बसे. तिच्या माहेरचं काढी. एकुलती मुलगी येरवड्याला दिली, तिच्या सासरचं काढी. एकदा म्हणाला, "तुला मी मेल्याबिगर चैन न्हाय पडायचं." गालात मध लावताना बायडाबाईच्या बोटाला दात लागत. दहा मिनिटांनी तो शुद्धीवर येई आणि नेहमीचं विचारी, "काय बोललो का?" आणि ती नेहमीचं सांगे, "न्हाय."

सुनीतीताईंना तिनं एकदा विचारलं, "ताई, ते जे बोलत्यात, ते त्यांच्या पोटात असतंय का?"

"मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस काहीही बरळतो. ते मनावर घेऊ नका."

"घेत न्हाय," बायडाबाई म्हणाली. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच असे. नसतं पोटात, तर येतं कुठनं?

आषाढात एक दिवस भर दुपारी ती दूध घालून परतली, तर भैरू गोठ्यात म्हशीखाली बसलेला. धारेची वेळ नव्हती. रिकाम्या आचळांना तो ओढत होता आणि मोरी म्हैस अस्वस्थ होऊन पाय उचलत होती. बायडाबाईनं खांद्याला हात लावला. अंग थंडगार, घामानं चिकट.

"उठा. साखर घ्या आधी."

तो उठला आणि हातातली पितळी चरवी त्यानं फिरवली. ती चुकवायला गेली, तर कपाळाऐवजी मनगटावर बसली. कड असा आवाज झाला. दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच शेणात आडवा झाला. हातपाय झटके देऊ लागले.

तिनं एका हातानं त्याला कुशीवर ओढलं आणि हाक मारली. अख्तरबानू भिंतीवरूनच चढून आली. नारिंगी डबी तिनंच घरातून आणली, तिनंच पूड कालवली. बायडाबाईनं त्याच्या मांडीवर छाती टाकून पाय दाबून धरला आणि अख्तरबानूनं विजारीवरूनच सुई खुपसली.

मग दोघी बसून राहिल्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हैस वरून श्वास सोडत होती. माश्या त्याच्या तोंडावर बसत होत्या आणि अख्तरबानू ओढणीनं त्या हाकलत होती. पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते त्या दिवशी बायडाबाईला कळलं. मग भैरू ओकला, आणि त्यानं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिचं सुजलेलं मनगट त्याला दिसलं.

"हे काय झालं?"

"मोरीनं लाथ मारली," ती म्हणाली. पटकन दुसरं काही सुचलं नाही.

भैरू उठला. गोठ्यात गेला. बायडाबाईला वाटलं वैरण टाकायला गेला. मग काठीचा आवाज आला. मोरी दाव्याला हिसके देत होती आणि तो तिच्या पाठीवर, फऱ्यावर, दिसेल तिथं मारत होता. या माणसानं जन्मात जनावरावर काठी उगारली नव्हती. बायडाबाई दारात उभी राहिली. 'थांबा' म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हशीच्या पाठीवर वळ उठत होते आणि बायडाबाई मुकाट बघत होती.

पलीकडून मथुराबाई कुंपणाशी आल्या.

"मुक्या जनावराला का मारतूस रे? काल बायकूला चरवी हानली ती तुज्या हातानं. म्या बघितली. ती म्हस गरीब हाय बापडी."

भैरूचा हात वर तसाच राहिला. मग त्यानं काठी हळूच भिंतीला लावून ठेवली. बायडाबाईकडं त्यानं पाहिलं नाही. मोरीच्या पाठीवर हात ठेवायला गेला, तर ती अंग चोरून बाजूला झाली.

*

त्यानंतर तो शहाण्यासारखा वागू लागला. औषधाची बाटली, सुया, सगळं आपण होऊन घेई आणि "मी टोचून घेतो" म्हणून गोठ्याच्या मागं जाई. आणि साखर उतरायची थांबली. श्रावण गेला, भादवा गेला, एकदाही उतरली नाही. बोट टोचू द्यायलाही तो नको म्हणे. "बरा हाय न्हवं मी? मग कशाला भोकं पाडती?" बायडाबाईनं धारेश्वराला नारळ फोडला. अख्तरबानूनं शिरखुर्म्याची आठवण काढून म्हटलं, "ईदला भाऊंना अर्धी वाटी देईन, तुझ्यासमोर." त्या दिवसांत मनगट दुखायचं, पण बायडाबाईला ते दुखणंही बरं वाटे. सरल्याची खूण असावी तसं.

तो तांब्या तांब्या पाणी प्यायचा, ते तिनं उन्हावर घातलं. खांद्याची हाडं वर आली, ती कष्टावर घातली. तो गमबूट घालून वावरायचा, घरातसुद्धा, आणि खोलीत कसला तरी वास यायचा. तो तिनं गोठ्याचा मानला.

मधे दोन महिने संस्थेनं सुनीतीताईंना शहराचा दुसरा भाग दिला होता. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी त्या आल्या. त्यांनी भैरूला पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच यंत्र काढलं. भैरूनं बोट मागं घेतलं. त्यांनी ते धरूनच ठेवलं. आकडा आला चारशे बारा. त्या उठल्या, फ्रिज उघडला, बाटल्या उजेडात धरल्या. जून महिन्यात दिलेल्या बाटल्या सीलसकट तशाच होत्या.

"किती दिवस घेतलं नाहीत?"

भैरू टोचलेलं बोट सदऱ्याला पुसत राहिला.

"मी तुमच्याशी बोलतेय. असं करून काय होतं, माहीत आहे? डोळे जातात. मूत्रपिंड जातं. बूट काढा."

"काय न्हाय तिथं."

"काढा."

बायडाबाईनं गुडघ्यावर बसून बूट ओढला. दोन बोटं काळी पडली होती आणि पायाचा तळवा अर्ध्यापर्यंत सुजून फुटला होता. कधी तरी म्हशीचा खूर पडला असावा. त्याला कळलं नव्हतं. पायाला काही कळतच नव्हतं. अख्तरबानूनं पदर नाकाला लावला आणि लगेच काढलाही, त्याला वाईट वाटेल म्हणून.

"का केलंत असं?" सुनीतीताईंचा आवाज आता खाली आला होता. "नीट चाललं होतं की."

भैरूनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"ताई, साखर वर असली की मी शहाना असतो. काय बोलतोय ते कळतंय मला. हात कुठं जातोय ते कळतंय." तो थांबला. "पाय गेला तर माजा जाईल. तिला काय व्हायचं न्हाय."

बायडाबाई त्याचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तिला काही तरी म्हणायचं होतं. एवढे महिने ती 'न्हाय, काय बी न्हाय' म्हणत आली, त्याच्याऐवजी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर दोघं भांडली असती, रडली असती, आणि झालं गेलं झालं असतं. तिनं पायावर बसलेली माशी हाकलली. सुनीतीताई पिशवीत हात घालून काही तरी शोधत राहिल्या. शेवटी हात रिकामाच बाहेर काढला.

"याला माझ्याकडे काही नाही, बायडाबाई," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

*

आधी दोन बोटं काढली. पायात वर चढलेलं विष थांबेना, म्हणून घोट्याच्या वरून पाय काढला. बायडाबाई दवाखान्याच्या जिन्यात एकवीस दिवस बसली. तेवढ्या दिवसांत शकीलनं जमेल तशा धारा काढल्या आणि अख्तरबानूनं शेण लोटलं, पण शेजाऱ्यांनी किती करायचं? दोन म्हशी विकाव्या लागल्या. मोरीला गिऱ्हाईक आलं नाही. तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली होती.

घरी आणलं त्या दिवशी सुनीतीताई आल्या होत्या. संस्थेची ही योजना मार्चमध्ये संपत होती. पुढं कोण येईल, येईल का, त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरं नारिंगी इंजेक्शन त्यांनी दोनदा लिहून मागितलं होतं, आलं नव्हतं. त्यांनी एका कागदावर आपला स्वतःचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला.

"कधीही फोन करा. मला लगेच येता येणार नाही, पण उचलेन."

मग भैरूच्या बाजेशी बसून त्यांनी सांगितलं, की डोस आता कमी केलाय, पण चुकवायचा नाही. सुई बायडाबाई टोचतील. भैरूनं मान डोलावली. हो म्हणतोय की नुसता पडलाय, ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाईनं आधी भाकरी केली, ताटात वाढली, ताट त्याच्याजवळ ठेवलं. बोट टोचून आकडा पाहिला. मग बाटली काढली आणि दारातल्या उजेडात धरून सुई भरली. मनगट अजून नीट वळत नव्हतं, म्हणून तिला दोनदा भरावी लागली. भैरू बाजेवर उठून बसला होता. चादरीखाली एका बाजूला पाय होता, दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती.

ती जवळ आली, तसा त्यानं सदरा घट्ट धरला.

"बायडे."

"काय?"

"परत तसंच झालं तर?"

"साखर पाजीन."

"तसं न्हवं." तो खाली बघत होता. "तुला काय काय बोललो मी? सांग एकदा."

बायडाबाई सुई हातात धरून उभी राहिली. 'न्हाय' हा शब्द तोंडात आला होता. तो तिनं गिळला.

"वंगाळ बोललाव," ती म्हणाली. "लई वंगाळ."

भैरूचा चेहरा हलला नाही. फक्त सदऱ्यावरची मूठ सैल झाली.

"आन् परत बोललो, तर?"

"बोला. माझं कान काय नवं हायत का?"

"आन् हात उचलला तर?"

ती त्याच्या शेजारी टेकली. त्यानं आपण होऊन सदरा वर केला. पोट आत गेलं होतं, कातडी सैल पडली होती. तिनं ती चिमटीत धरली आणि सुई आत घातली. तो हललासुद्धा नाही.

"जेवा आता," तिनं ताट पुढं सरकवलं.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरून ठेवला. बाहेर धारेची वेळ टळून गेली होती आणि म्हैस ओरडत होती. बायडाबाई उठली नाही. तो घास तोंडात जाईस्तोवर ती समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.